चोर चोर मावसभाऊ, पण वाटणीला भावकी: फँटसी कॅम्पेनसाठी कारस्थानी टोळी कशी बांधायची

टेबलाभोवती बसून खेळायच्या फँटसी रोल-प्लेइंग खेळासाठी कारस्थानी टोळी लिहायला बसलं की पहिला प्रश्न पडतो तो ‘यांचा बेत काय?’ हा. तो जरा बाजूला ठेवा. आधी कागदावर हे लिहा: या पाचजणांचं आपसात कशावरून फाटणार आहे? बेत नंतरही सुचतो. पण पाच खलनायक एकदिलाने वागायला लागले तर टेबलावर ते पाच राहतच नाहीत. एकच खलनायक उरतो, फक्त त्याला पाच तोंडं असतात. खेळाडू त्यातलं एक तोंड बंद करतात, मग दुसरं, मग तिसरं, आणि चौथ्या रविवारी कुणीतरी मोबाईल काढतो.

हा खेळ कधी न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. एकजण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे चार-पाचजण एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात. काय करायचं ते खेळाडू ठरवतात, जमलं का ते वीस बाजूंचा फासा ठरवतो, आणि परिणाम डीएम सांगतो. एकाला एक जोडून महिनोन्महिने चालणाऱ्या अशा गोष्टीला कॅम्पेन म्हणतात. या प्रकारातला पहिला छापील खेळ म्हणजे १९७४ चा डंजन्स अँड ड्रॅगन्स, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा. खालचे आकडे त्याच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या नियमांचे आहेत. त्यातल्या मूळ नियमांचा मोठा भाग ‘एसआरडी ५.१’ या नावाने जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट उपलब्ध आहे. त्यामुळे निपाणीत किंवा खानापुरात पुस्तक मिळत नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही.

बारभाईंचा धडा

कारस्थान कसं चालतं हे शिकायला मराठी माणसाला परदेशी गोष्टींकडे जावं लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि राघोबादादा गादीवर आले. त्यांना खाली खेचायला जे एकत्र आले ते बारभाई. नाना फडणवीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके, मोरोबा फडणीस अशी ती मंडळी. प्रत्येकाचं कारण वेगळं, वजन वेगळं, घाई वेगळी. ‘राघोबा नको’ एवढ्यावर मात्र सगळ्यांचं जुळलं. एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि कारस्थानाला गादीवर बसवायला धनी मिळाला. मग ‘आता कारभार कुणाचा’ हा प्रश्न पुढे आला. १७७८ मध्ये मोरोबा उलटले आणि राघोबाला परत आणायच्या खटपटीला लागले. हे मोरोबा नानांचे चुलतभाऊ. भावकीच ती.

डीएमने यातून दोन गोष्टी उचलाव्यात. टोळी जुळते ती ‘काय नको’ यावर आणि फुटते ती ‘काय हवं’ यावर. दुसरी गोष्ट ‘ध चा मा’ची. ‘धरावे’ या हुकुमातला ध बदलून ‘मारावे’ केलं, ही आख्यायिका खरी की खोटी ते इतिहासकारांवर सोडू. खेळाच्या दृष्टीने ती सोन्याची खाण आहे, कारण टोळीतल्या एकाने दुसऱ्याच्या हुकुमात एक अक्षर फिरवलं की आपण कशाला होकार दिला होता हे त्या दुसऱ्यालाही पुरतं माहीत नसतं. असा खलनायक पकडला गेला की ‘मी हे सांगितलंच नव्हतं’ म्हणतो आणि ते खरं असतं.

मुलूख आपलाच घ्या, नावं बदला

बर्फाळ डोंगर आणि दगडी सराया उसन्या आणायची गरज नाही. खंदकाने वेढलेला किल्ला बेळगावात आहे. राजहंसगडावरून दिसतो तसा उघडा मुलूख आहे आणि जांबोटीच्या पुढे सुरू होतं तसं जंगलही आहे. चोर्ल्यासारखा घाट, तंबाखूच्या वखारी, हातमागांच्या गल्ल्या, सगळं हाताशी आहे. आणि कणकुंबी आहे. तिथल्या एका उतारावरचं पाणी मलप्रभेतून पूर्वेला कृष्णेकडे जातं आणि दुसऱ्या उतारावरचं म्हादईतून पश्चिमेला अरबी समुद्राकडे. एका डोंगरावर पडलेल्या पावसाचे असे दोन वाटे होतात. कारस्थानाला याहून चांगली जागा कुठली?

म्हणून नमुन्याची टोळी ‘वेळूदुर्ग’ नावाच्या काल्पनिक संस्थानात बसवू. तिचा बेत: पूर्वेला वाहणाऱ्या ‘उगमाई’ नदीचा उगम फोडून पाणी पश्चिमेच्या घाटात सोडायचं.

एक गोष्ट पहिल्या बैठकीआधीच ठरवून घ्या. सीमाभागातल्या टेबलावर घरी मराठी बोलणारे असतात तसे कन्नड बोलणारेही असतात, आणि कोकणी किंवा उर्दू बोलणाराही एखादा असतो. खरा सीमावाद, खरे पक्ष, खरा पाणीतंटा टेबलावर आणू नका. खलनायकांची नावं एकाच भाषेची ठेवू नका, नाहीतर दुसऱ्या सेशनला खेळ राहतो बाजूला आणि चहावर भलताच वाद पेटतो.

पाचच का

तिघांचं कारस्थान खेळाडू दोन सेशनमध्ये उलगडतात. सातजण घेतले तर त्यांच्यात २१ जोड्या होतात, सहात १५ आणि पाचात १०. या जोड्या म्हणजे डीएमने लक्षात ठेवायची नाती. दहांपैकी सहा-सात जिवंत ठेवणं एका माणसाला जमतं. त्यापुढे आपणच लिहिलेलं आपल्याला आठवत नाही आणि खेळाडूंना तर नावंही आठवत नाहीत.

प्रत्येकासाठी अर्धं पान पुरे. त्यावर चार ओळी लिहा: याला काय हवं, हा टोळीला काय देतो, इतरांपासून काय लपवतो आणि कुणाला भितो. जन्मकथा लिहू नका. खेळाडूंना ती कधीच कळत नाही आणि डीएमला ती सांगायचा मोह आवरत नाही.

दुर्गाशेठ, वखारीचा मालक. नदी आटली की खालच्या पट्ट्यातली भातशेती मातीमोल होणार आणि तो ती उचलणार. टोळीला पैसा देतो, ५,००० सुवर्णमुद्रा. लपवतो ते हे की तो आधीच बुडालेला आहे आणि हा पैसा त्याचा नाहीच. भितो फडनिसाला.

चिंतोपंत, दरबारचा फडनीस. शेठला पैसा यानेच दिला, तोही खजिन्यातून. जमिनी स्वस्तात घेऊन महागात विकल्या की खड्डा बुजेल, हा त्याचा हिशेब. टोळीला शिक्के आणि हुकूम पुरवतो. त्याच्याकडे एक दुसरी वही आहे. तिच्यात प्रत्येकाचं देणंघेणं तारखेनिशी लिहिलेलं आहे, कारण आपण एकटे लटकायचं नाही हे त्याने पहिल्या दिवशीच ठरवलंय. राजा अचानक हिशेब मागेल एवढ्याच भीतीने त्याची झोप उडालेली असते.

रायबा घाटनाईक, नाक्याचा जकातदार. पाणी पश्चिमेला सुटलं की शेजारच्या राज्याने बांधलेली नवी घाटवाट वाहून जाणार आणि सगळा माल त्याच्या नाक्यावरूनच जाणार. खोदकामाला मजूर तोच देतो. त्याच वेळी तो शेजारच्या राज्याशीही बोलणी करतोय, हे कुणाला माहीत नाही.

मल्लव्वा, किल्लेदारीण. हिला नदीशी काही देणंघेणं नाही. धाकटा भाऊ दोन वर्षं अंथरुणाला खिळलाय आणि उगमाच्या देवळातल्या तीर्थावर जगतोय. तीर्थ हवं असेल तर उगमाकडे जाणाऱ्या वाटेवरची गस्त काढ, एवढंच तिला सांगितलंय. लपवण्यासारखं तिच्याकडे फारसं नाही, लाज मात्र आहे. टोळीतली कच्ची वीट हीच. अशी एक वीट मुद्दाम ठेवा आणि ती कच्ची आहे हे खेळाडूंना स्वतःहून कळू द्या.

तुळसाक्का, उगमाची पुजारीण. उगमाखाली एक वेताळ कोंडलेला आहे आणि वाहतं पाणी हेच त्याचं कुलूप आहे, हे फक्त तिला ठाऊक आहे. तो तिच्या मेलेल्या लेकीच्या आवाजात बोलतो. बाकी चौघांना वाटतं बेत नदी वळवायचा आहे. तुळसाक्काचा बेत कुलूप काढायचा आहे.

कृती एकच, कारणं पाच, आणि खरा परिणाम एकालाच माहीत: कारस्थानी टोळीचा सांगाडा एवढाच. यात वर कुणी ‘महासम्राट’ नाही हे लक्षात घ्या. शिडीसारखी टोळी बांधली की खेळाडू खालच्या पायरीपासून एकेकाला मारत वर जातात, आणि वरचा माणूस शेवटच्या सेशनपर्यंत नुसतं नाव राहतो. त्याला भेटल्यावर कुणालाच राग येत नाही, कारण त्याने त्यांचं काही वाकडं केलेलं त्यांनी पाहिलेलं नसतं.

आकड्यांसाठी नवं काही बनवायला बसू नका. एसआरडीतले तयार नमुने पुरतात: शेठला नोबल, फडनिसाला स्पाय, रायबाला बँडिट कॅप्टन, मल्लव्वाला व्हेटरन, तुळसाक्काला प्रीस्ट. नोबलचे हिट पॉइंट, म्हणजे किती इजा सोसता येते तो आकडा, फक्त ९ असतात. ज्याच्या पैशावर सगळं चाललंय असा देखावा आहे तो माणूस एका वारात मरू शकतो. हे बदलू नका. अशा माणसाला तलवार चालवून उपयोग नाही हे खेळाडूंना कळायला हवं, कारण तो मेला की त्याच्या कर्जाचा माग त्याच्याबरोबरच जातो.

धागे

आता एका मोठ्या कागदावर पाच नावं गोलात लिहा आणि रेघा ओढा. रेघ म्हणजे धागा. प्रत्येक धाग्यावर एका ओळीत भांडणाचं बी लिहा.

शेठ आणि फडनीस: व्याज थकलंय. फडनीस आणि मल्लव्वा: शिपायांचा तीन महिन्यांचा पगार अडलाय, खजिन्यातला पैसा कुठे गेला हे तिला माहीत नाही, आणि ज्याने तो घालवला तोच तिला दर आठवड्याला ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणतोय. मल्लव्वा आणि तुळसाक्का: भाऊ. तुळसाक्का आणि रायबा: उगमापाशी मजूर मरतायत, आणि रायबाने त्यांच्या घरी अजून कळवलेलं नाही. रायबा आणि शेठ: नाक्यावरून बिनजकातीचा माल. शेठ आणि तुळसाक्का: देवळाला दिलेली घंटा, तिच्या खर्चाचा आकडा फुगवलेला. फडनीस आणि रायबा: रायबाचं शेजारच्या दरबाराला गेलेलं एक पत्र फडनिसाच्या हाती लागलंय.

सात धागे झाले. नियम एवढाच की प्रत्येकाला निदान दोन धागे हवेत. इथे मल्लव्वाला दोन आहेत, बाकी चौघांना तीन-तीन. एखाद्याला एकच धागा असेल आणि खेळाडूंनी त्या धाग्याच्या दुसऱ्या टोकाचा माणूस तिसऱ्या सेशनला मारला, तर त्याच्यापर्यंत जायची वाटच बंद होते. मग डीएम ‘तुम्हाला रस्त्यात एक चिठ्ठी सापडते’ म्हणतो आणि खेळाडू एकमेकांकडे बघून हसतात.

धागे दाखवायचं मराठीतलं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे तू, तुम्ही आणि आपण. इंग्रजीत खेळणाऱ्यांना हे मिळत नाही, तिथे राजालाही ‘यू’ आणि मोतद्दारालाही ‘यू’. दरबारात फडनीस शेठला म्हणतो, ‘शेठजी, आपण बसावं.’ दोन सेशननंतर वखारीत चिठ्ठी सापडते: ‘कार्तिकाचं व्याज अजून आलं नाही. तू समजतोस काय स्वतःला?’ सही नाही. पण त्या गावात शेठला ‘तू’ म्हणणारा कोण, या एका प्रश्नावर चारही खेळाडू कामाला लागतात. तसंच मल्लव्वाचं. ती सगळ्या संस्थानाला एकेरीत बोलवते, तुळसाक्काला मात्र ‘अक्का, तुम्ही’. टेबलावर कन्नड बोलणारा खेळाडू असेल तर नीनू आणि नीवू हा फरक त्याला समजवावा लागत नाही. यासाठी डीएमला नाटकी आवाज काढायची गरज नाही, फक्त सर्वनाम चुकवायचं नाही. अर्ध्या पानावर पाचवी ओळ लिहा: हा कुणाला तू म्हणतो.

क्लू किती आणि कुठे

इथे गणित करावंच लागतं. डीसी म्हणजे फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा. डीसी १५ म्हणजे मध्यम अवघड काम. पात्राचा बोनस +४ असेल तर फाशावर ११ किंवा जास्त हवं, म्हणजे शक्यता बरोबर निम्मी. प्रत्येक धाग्याला एकच क्लू ठेवला आणि तो असा फाशामागे लपवला, तर सातही धागे हाती लागण्याची शक्यता १२८ मध्ये १. म्हणजे नाहीच. प्रत्येक धाग्याला तीन क्लू ठेवले तर एखादा धागा पुरता निसटण्याची शक्यता ८ मध्ये १. बरं वाटतं, पण सात धागे एकत्र धरले तर सगळे मिळण्याची शक्यता तरीही ३९ टक्क्यांच्या आसपासच.

म्हणून प्रत्येक धाग्याला तीन क्लू, एकूण २१, आणि त्या तिघांपैकी एक फाशाशिवाय मिळणारा. योग्य जागी गेलं, योग्य माणसाशी बोललं की तो मिळालाच पाहिजे. फासा टाकायला लावायचा तर ‘क्लू मिळाला का’ यासाठी नाही, ‘किती किमतीत मिळाला’ यासाठी: वेळ गेला का, कुणी पाहिलं का, नाक्यावर बातमी गेली का.

तीन क्लू तीन जातीचे ठेवा. एक कागद, एक माणूस, एक जागा. तिन्ही कागदच ठेवले तर खेळाडू घरं फोडत सुटतात.

रायबा आणि शेठ यांच्या धाग्याचे तीन क्लू जवळून बघू. कागद: घाटनाक्याची आवक-जावक वही. वेळूदुर्गात दोन लिप्या चालतात असं धरा. व्यापारी मोडीसारख्या वळणदार लिपीत लिहितात, नाक्यावरचे कारकून गोलाकार अक्षरांत. त्याच दिवशीची त्याच गाड्यांची नोंद शेठच्या वहीत ‘मीठ, ४० गोण्या’ आहे आणि नाक्याच्या वहीत ‘मीठ, ३१ गोण्या’. नऊ गोण्या जकातीवाचून गेल्या. दोन्ही लिप्या एकाच पात्राला वाचता येऊ देऊ नका. दोन खेळाडूंनी शेजारी बसून आपापली वही वाचायला हवी. नऊचा फरक आपण सांगायचा नाही, त्यांनी काढायचा. माणूस: गाडीवान, जो दर खेपेला नाक्याच्या अलीकडे बैल बदलतो, कारण बैलांचे मालक वेगवेगळे दाखवायचे असतात. जागा: नाक्यामागची पडवी. मीठ कधीच ठेवलं नाही म्हणतात, पण तिथली भिंत खालून हातभर उंचीपर्यंत खारट पांढरी पडली आहे. हा तिसरा फाशाशिवायचा. आत गेलं की दिसतो.

बाकी सहा धाग्यांचे क्लू असेच बसवा. एका क्लूत दोन धागे जोडता आले तर सोन्याहून पिवळं, पण २१ पैकी तीन-चारच असे ठेवा.

पायऱ्या उघड्या पडत जातात

टोळी खेळाडूंची वाट बघत थांबलेली नसते, त्यामुळे बेताला घड्याळ हवं. आठ घरांची एक पट्टी काढा: पैसा जमला, हुकूम निघाला, मजूर गेले, खोदकाम सुरू झालं, गस्त हटली, जत्रेचा दिवस ठरला, बांध फुटला, वेताळ सुटला. दर दोन सेशनला एक घर आपोआप भरायचं. खेळाडूंनी मोठी चूक केली, उदाहरणार्थ चुकीच्या माणसावर उघड आरोप केला, तर एक घर जास्त. त्यांनी एखादं काम बंद पाडलं तर भरलेलं घर खोडू नका. पुढचं घर दोन सेशन अडवून ठेवा. खोडाखोड सुरू झाली की बेत कधी पुढे गेलाय असं वाटतच नाही.

महिन्याला दोन रविवार, तीन-तीन तास धरले तर १४ सेशन म्हणजे सात महिने, आणि पट्टीची सात घरं आपोआप भरतात. आठवं भरायला एक चूक पुरते. दिवाळीनंतर सुरू केलं तर मृगाच्या आत आटपतं. कारस्थानाचं खोदकामही मृगाच्या आतच उरकायला हवं, कारण पावसात घाटात कुदळ चालत नाही. टेबलाबाहेरचं ऊन आणि गोष्टीतलं ऊन एकच असलं की वर्णनाची अर्धी मेहनत वाचते.

प्रत्येक घर भरलं की गावात काहीतरी दिसलं पाहिजे. आकडे सांगू नका, वस्तू दाखवा. नदीच्या घाटाला पायऱ्या आहेत. पहिल्या सेशनला धुणं धुणाऱ्या बायका सहाव्या पायरीवर बसतात. मग सातव्या, मग आठव्या. नववी पायरी कोरडी पडते तेव्हा तिच्यावर कोरलेली अक्षरं दिसतात, जी आजवर कुणी वाचली नव्हती. वेताळाच्या कुलपाचा पहिला क्लू तिथेच ठेवा.

कुठे बिघडतं

पहिली भेट. खलनायक समोर आला की खेळाडू हल्ला करतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही, खेळ तसाच शिकवतो. चौघांविरुद्ध एकटा खलनायक म्हणजे त्याच्या एका पाळीला त्यांच्या चार पाळ्या. तो दोन-तीन फेऱ्यांत आडवा होतो. म्हणून पहिली भेट अशा जागी ठेवा जिथे तलवार काढणं महागात पडेल: लग्नाची पंगत, जत्रेतली पालखी, दरबार. दुर्गाशेठ स्वतः पंगतीत कुंदा वाढतोय, पुढे लहान मुलं बसलीत, आणि तो तुमच्या पात्राला नावाने हाक मारून आग्रह करतो. आता काढा तलवार.

पकडलेला माणूस. डीएमची सगळ्यात जास्त कोंडी इथे होते, कारण पकडलेल्याने सगळं सांगितलं तर कॅम्पेन संपतं आणि काहीच नाही सांगितलं तर खेळाडू छळाच्या गोष्टी सुरू करतात, ज्या टेबलावर नको वाटतात. उपाय आधीच करून ठेवायचा. प्रत्येकाला टोळीतले दोघेच नीट माहीत असतात. प्रत्येकाची तीन वाक्यं तयार ठेवा: एक खरं, एक त्याला खरं वाटणारं पण चूक, आणि एक सरळ खोटं. रायबा पकडला गेला तर तो म्हणतो, ‘मजूर मी दिले.’ हे खरं. ‘किल्लेदारीण यात पैशासाठी आहे.’ हे त्याला मनापासून वाटतं, पण चूक आहे. ‘शेजारच्या दरबाराशी माझा काडीचा संबंध नाही.’ हे खोटं. यातलं मधलं वाक्य सगळ्यात कामाचं. खेळाडू ते घेऊन मल्लव्वाकडे जातात, तिला ‘किती घेतलेस’ विचारतात आणि तिचा चेहरा बघून आपण चुकलो हे त्यांना कळतं. तिथून ती फुटायला सुरुवात होते.

पळवाट. प्रत्येकाच्या पानावर ‘निसटायचं कसं’ ही एक ओळ हवीच, पण ती नियमांत बसली पाहिजे. समजा गोकाकसारख्या धबधब्यावरच्या झुलत्या पुलावर चकमक आहे. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर, म्हणजे १७० फूट. पाचव्या आवृत्तीत उंचावरून पडलं की दर १० फुटांना एका सहाबाजूच्या फाशाइतकी इजा होते, म्हणजे १७ फासे, सरासरी ५९.५ इजा. धडधाकट रायबाचे हिट पॉइंट ६५, मल्लव्वाचे ५८. म्हणजे रायबा उडी मारून सरासरीने वाचतो आणि मल्लव्वा तिथेच कोसळते. हे आधी मोजून ठेवलं असेल तर फासे सगळ्यांसमोर टाकता येतात. डीएमने पडद्याआड खलनायक वाचवला, असा संशय एकदा आला की पुढचं कुठलंच निसटणं खेळाडू मानत नाहीत.

पाचही एकत्र. हा प्रसंग पूर्ण कॅम्पेनमध्ये एकदाच ठेवा, साधारण नवव्या-दहाव्या सेशनला, आणि खेळाडूंना तो चोरून ऐकू द्या. डीएमने पाच पात्रांचं आपसातलं बोलणं एकट्याने करणं फार रटाळ होतं. त्याऐवजी प्रत्येक खलनायकाची एकेक चिठ्ठी खेळाडूंमध्ये वाटा आणि ती पाच-सात मिनिटं त्यांनाच बोलू द्या. चिठ्ठीवर दोनच गोष्टी: तुला आज काय पदरात पाडून उठायचंय आणि कुणावर तुझा विश्वास नाही. चार खेळाडू चौघं घेतात, तुळसाक्का डीएमकडे, कारण वेताळाचं गुपित फुटायला नको. या सात मिनिटांत टोळीच्या भांडणाला अशी वळणं मिळतात जी घरी बसून लिहिताना सुचली नसती. जे सुचेल ते टिपून घ्या आणि पुढच्या सेशनला खरं धरा.

फुटणं कुणापासून सुरू होईल ते आधी ठरवू नका. फक्त प्रत्येकाच्या पानावर ‘कशाने फुटेल’ हे लिहून ठेवा. मल्लव्वाला दुसरं औषध सापडलं की. शेठला जमिनीपेक्षा जीव महाग वाटला की. रायबाला शेजारच्या दरबाराने नक्की आकडा सांगितला की. फडनिसाची दुसरी वही हरवली की. तुळसाक्का फुटत नाही. ती थांबते ती लेकीच्या आवाजाला कुणी असा प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर फक्त खऱ्या लेकीलाच येईल, तरच. तो प्रश्न कुठला, हे गावात कुणालातरी माहीत असलं पाहिजे. वेळूदुर्गात ते तिच्या विहिणीला माहीत आहे, आणि दोघींचं बोलणं गेली अकरा वर्षं बंद आहे.

आठवं घर भरलंच तर घाबरू नका आणि सगळ्यांना मारूही नका. सातव्या पातळीच्या चार पात्रांसमोर वेताळ म्हणून एसआरडीतला ग्लॅब्रेझू नावाचा राक्षस ठेवता येतो. त्याचे हिट पॉइंट १५७, लढाई अवघड पण जिंकण्यासारखी. तो सुटल्यावर पहिल्यांदा ज्यांनी त्याला न कळत सोडवलं त्या चौघांकडे बघतो. त्या क्षणी जे खलनायक जिवंत आहेत ते कुणाच्या बाजूला पळतात, ते खेळाडूंनी आधीच्या तेरा सेशनमध्ये त्यांच्याशी काय केलं यावर ठरवा, फासा टाकू नका. मल्लव्वाचा भाऊ वाचवला असेल तर गस्तीचे शिपाई, तीन महिन्यांचा पगार अडलेला असूनही, तिच्या एका शब्दावर घाट चढून येतात.